मिठाची गुळणी

"बेटाला लागेपर्यंत मिठाची गुळणी धरून बसायचं, बाबा. एक शब्द नाही," लेकीने बजावलं. बापाने मुकाट मान डोलावली.

तीस वर्षं ही बोट त्यानेच बेटावर नेली होती. आज सुकाणू पहिल्यांदा तिच्या हाती होतं आणि तो बारा प्रवाशांत तेरावा, नारिंगी जाकीट चढवून सगळ्यात पुढच्या बाकावर बसला होता. 'शहाण्याने मागे बसावं, पुढे लाटा अंगावर येतात,' हे एरवी तोच सगळ्यांना सांगायचा. पण पुढून सगळं नीट दिसतं ना!

बंदर सुटलं. वेग जरा जास्तच, असं त्याला वाटलं. तो गप्प. पाणकावळ्यांच्या खडकाला तिने भलत्याच बाजूने वळसा घातला. तो गप्पच, पण जीव नुसता वरखाली होत होता.

"काका, बोट लागते का हो तुम्हाला?" शेजारच्या दुर्बीणवाल्या बाईंनी काळजीने विचारलं आणि लिंबाची गोळी पुढे केली. बोलायची चोरी होती. त्याने गोळी घेतली.

बेट जवळ आलं. कड्यावर हजारो पक्ष्यांचा कलकलाट. प्रवासी उठून उभे राहायला लागले.

"बसून घ्या हो, पक्षी काही उडून जात नाहीत!" ती ओरडली. बोटभर हशा पिकला. तोही हसला; वाक्य त्याचंच होतं.

तेवढ्यात तिने बोट उजवीकडे वळवली. आणि धक्का तर डावीकडे! तो सपाट दगड, त्यात त्याने स्वतः ठोकलेली लोखंडी कडी. उजवीकडे नुसती वाळू. शब्द गेला खड्ड्यात, म्हणत तो उठला.

"अगं, डा—"

लाट थेट तोंडात आली.

खोकून, थुंकून, डोळे पुसून पाहतो तर बोट अलगद वाळूला लागलेली. आणि डावीकडे, त्याच्या दगडावर, कडीला खेटून एक सील मादी पिल्लाला पाजत पडली होती.

"काल येऊन बघून गेले होते मी," त्याला उतरायला हात देत लेक म्हणाली. "गुळणी धरलीत ना?"

"धरली. मीठ जरा जास्त होतं."

परतताना तो सगळ्यात मागच्या बाकावर बसला, आणि बंदर येईपर्यंत आ वासून झोपला.