आधी शिकवा, मग कुलूप
धूर कमी करण्याचं वचन सरकारनं जगाला दिलं म्हणून आमच्या गावचं कोळशावरचं वीजकेंद्र बंद होणार, हे सांगायला राजधानी जकार्ताहून अधिकारी बाई आल्या. बॉयलरवर उभा जन्म काढलेला दार्सोनो सभेत उठला. “बाई, माझी लेक राखेनं खोकते. बंद कराच! पण आम्ही चारशे जणांनी काय करायचं? घरी बसून बंद पंख्याला वारा घालायचा?” सगळे हसले. बाई मात्र भाषणाचा कागद पिशवीत कोंबून म्हणाल्या, “काका, तुम्हीच सांगा.” “आधी नवं काम शिकवा, मग कुलूप लावा.” त्या वाक्यासाठी बाई वरिष्ठांशी आठ महिने भांडल्या. कुलूप वर्षभर लांबलं आणि सौरविजेचं काम शिकायला आमची शाळा भरली. काल राखेच्या माळावर दार्सोनोनं पहिलं सोलर पॅनेल जोडलं. दिवा लागताच डोळे पुसत म्हणाला, “अरे, उन्हाला तर फुंकरसुद्धा लागत नाही!”