जनरेटरला आवतन

पोळ्याच्या दिवशी देविदासचा जनरेटर दावं सोडून पळून गेला. गावात ही गोष्ट कुणी मानत नाही, घरात तर विषयही निघत नाही. तेव्हा आपणही असं काही झालंच नाही असं धरून चालू.

गाव हदगावच्या अलीकडचं. वादळानं पोल आडवे केले होते आणि लाइट अशी गेली होती की लोक तिच्याबद्दल माहेरी जाऊन बसलेल्या बाईसारखं बोलायचे. येईल, सणाला तरी येईल. देविदासच्या गोठ्यात ट्रॅक्टर आल्यापासून बैल नव्हते. तिथं आता जनरेटर उभा असायचा. चालू केला की तो आपल्या दोन चाकांवर थरथरत पुढं सरकायचा. एकदा सरकत सरकत थेट न्हाणीच्या तोंडाशी आला, आणि आत देविदासची बायको पंचफुलाबाई अंघोळ करत होती. त्या दिवशी देविदासनं त्याच्या दांड्याला दावं लावलं आणि बैलाच्या खुंट्याला बांधून टाकला. पुढची सगळी देखभाल मग त्याच रीतीनं होऊ लागली. सकाळी काडी काढून ऑइल बघायचं, जाळीतली धूळ झटकायची, गोणपाटानं अंग पुसायचं. तापलेला असताना टाकीत पेट्रोल ओतायचं नाही, आधी त्याला दम खाऊ द्यायचा.

हे राबणं सुनेसाठी, राजकन्येसाठी होतं. तिच्या खोलीत अंडी उबवायचं मशीन होतं आणि त्यातली गावरान अंडी आज-उद्या फुटायच्या बेतात होती. आधीची खेप लाइटीनंच खाल्ली होती. हीसुद्धा गेली तर मशीन विकायचं आणि गुमान लातूरला यायचं, असं नवऱ्यानं, वैजनाथनं, फोनवर बजावून ठेवलं होतं. तो तिथं डाळ मिलमध्ये कामाला होता. त्याच्या खोलीला खिडकी नव्हती. घरमालक म्हणायचा, आधी राहून तर बघा, मग बसवू.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, गावात बैलांचे खांदे मळायची वेळ झाली तसे देविदासचे हात स्वस्थ बसेनात. त्यानं लोण्यात हळद कालवली, जनरेटरला दोन्ही अंगांनी चोळली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

सकाळी पेट्रोल भरायला जनरेटर बंद केला तो केलाच. चालू करायच्या दोरीला देविदास हात लावेना.

"मामा, मशीन थंड होऊन राहिलंय," राजकन्या म्हणाली.

"आवतन दिलं मी त्याला. आज कामाला कसा जुपू?"

"बैल हाय का ते?"

"न्हाई. पर आवतन तर बैलाचंच दिलं न."

राजकन्येनं लई समजावलं. शेवटी पदर खोचून तिनं स्वतःच दोरी ओढली. जनरेटर एकदा खोकला आणि गप्प झाला. आवतन त्यालाही ऐकू गेलं असावं.

पंचफुलाबाईनं पुरण वाटता वाटता निकाल दिला. दिलेलं आवतन मोडायचं नाही, पोरीची अंडीही वाया घालवायची नाहीत. रातभर चाललेल्या इंजिनाचं अंग अजून ऊन आहे. त्याच्या पाठीवर गोणपाट टाका, टोपल्यात अंडी ठेवा, वरून झूल पांघरा. तो गार झाला की आपण आहोतच.

दुपार झाली. इतक्या दिवसांची धडधड थांबल्यावर गाव एवढं शांत झालं की घुंगरमाळा वेशीपासून ऐकू येत होत्या. मारुतीकडं निघालेला एकेक बैल गोठ्याच्या दारात थांबायचा, आत बघायचा, मान हलवून पुढं जायचा. इंजिन निवत गेलं तसं आधी राजकन्या टोपल्याला पोटाशी धरून बसली, मग पुरणाच्या ऊन हातांनी सासू, मग सदरा काढून सासरा. पुन्हा राजकन्येची पाळी आली तेव्हा तिचा डोळा लागला. झोपेत तिला वाटलं, झुलीखाली कुणीतरी सावकाश श्वास घेतंय. मग टकटक ऐकू आली. बंद जनरेटर कसा वाजतोय म्हणून तिनं झूल उचलली, तर एका अंड्याला भोक पडलं होतं आणि त्यातून चोच बाहेर बघत होती.

बैल मारुतीवरून परतेपर्यंत टोपलं चिवचिवाटानं भरून गेलं. देविदासनं जनरेटरपुढं पुरणपोळीचं ताट ठेवलं आणि दावं जरा सैल केलं. सणाचं करायचं असतं. पिल्लांनी डोळे उघडून पहिल्यांदा पाहिला तो जनरेटर. ती राजकन्येकडं येईनात, त्याच्याच चाकाला बिलगून बसली.

दिवेलागणीला लाइट आली. गोठ्यातला बल्ब लागला. उजेडात खुंटा होता, रिकामं दावं होतं, ताटातली पुरणपोळी अर्धी होती. दोन चाकांच्या खुणा दाराबाहेर जाऊन बैलांच्या खुरांत मिसळल्या होत्या, आणि पिल्लं त्या खुणांवर येऊन उभी होती.

वैजनाथचा फोन आला. सगळी फुटली, राजकन्येनं सांगितलं. तो म्हणाला, ऱ्हा मग तिथंच, पर आता तो जनरेटर विकून टाक.

"कोणता जनरेटर?" राजकन्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी देविदास धुतलेलं धोतर नेसून हदगावच्या जनावरांच्या दवाखान्यात गेला आणि टेबलापुढं हात जोडून त्यानं तोंडी अर्ज केला. सदर जनरेटर कुठंही गेलेला नाही. तथापि तो कुणाच्या रानात चरताना आढळल्यास त्यास कामास जुंपू नये, कानात बिल्ला मारावा, व पिल्लं झोपायच्या आत घरी पोचता करावा, ही नम्र विनंती.