मूळ प्रत

“अर्धाच बदललाय हो. स्वभाव पूर्ण जुनाच आहे, जपून न्या,” असं म्हणत व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी वॉकर त्याच्या हाती दिला.

“स्वभावाचं ऑपरेशन होत असतं, तर आधी तेच करून घेतलं असतं,” बायको म्हणाली.

गुडघ्याचा आतला अर्धा भाग नवा, बाहेरचा त्याचाच. तिसऱ्या दिवशी घरी सोडत होते. बाईंनी सहा आठवड्यांचे व्यायाम एकेक करून तोंडी समजावले आणि वर छापील कागदही दिला. बायकोने तो पिशवीत सारला. दोघांचेही दवाखान्याचे कागद त्याच पिशवीत असत.

“जिना कधी चढेन?” त्याने विचारलं.

“सहाव्या आठवड्यात. पण व्यायामात टंगळमंगळ केलीत, तर मी काही सांगू शकत नाही.”

दोन वर्षं तो माडीवर गेला नव्हता. वर त्याची पुस्तकं होती, आणि छापखाना बंद पडला तेव्हा मालकांनी दिलेलं ते टेबल. पुन्हा एकदा त्या टेबलाशी बसायचं, एवढ्यासाठी तर त्याने गुडघा कापून घेतला होता.

त्या टेबलाशी ती दोघं तीस वर्षं समोरासमोर बसली होती. लेखकाची मूळ प्रत तिच्या हातात. ती मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं उच्चारून. तो प्रुफावर पेन्सिल फिरवायचा. तपासणाऱ्याने मूळ प्रतीत डोकवायचं नाही, हा छापखान्याचा नियम. तिची स्मरणशक्ती अशी, की एकदा नजरेखालून किंवा कानावरून गेलेलं पान तिला पाठ व्हायचं.

एका दुपारी शेतकीच्या पुस्तकात, खतांच्या प्रकरणात, ती त्याच सुरात म्हणाली, “माझ्याशी लग्न कराल का प्रश्नचिन्ह.” त्याने ते वाक्य प्रुफात दोनदा शोधलं आणि समासात लिहिलं, ‘वाक्य सुटले आहे’. ती इतकी हसली, की मालक धावत आले.

आता रोज सकाळी ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसे. पिशवीतून कागद काढी आणि वाची, “टाच अंथरुणावरून मागे ओढा. गुडघा वाकेल तेवढा वाकवा. दहा वेळा.”

“आणि स्वल्पविराम गं?”

“मी रिटायर झाले. वाकवा.”

“आई गं! बघू, खरंच दहा लिहिलंय का?”

“डोकवायचं नाही!”

त्याने निमूटपणे हात मागे घेतला.

तिसऱ्या आठवड्यात वॉकर सुटला, काठी आली. अंगणात फेऱ्या मारताना ती त्याचं कोपर सोडत नसे.

“मी पडत नाही आता.”

“मला नाही खात्री,” ती म्हणे.

दुपारी मात्र पेपर त्यालाच वाचून दाखवावा लागे. “बसून बसून जीभही आखडेल तुमची,” असं तिचं म्हणणं.

सहाव्या आठवड्यात जिना आला. तेरा पायऱ्या. “चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा,” तिने बजावलं आणि कोपर धरून प्रत्येक पायरी मोजली. तेराव्या पायरीवर त्याचे डोळे भरून आले. सगळं जिथल्या तिथे होतं. जुन्या कागदाचा तोच वास.

“कालच पुसून ठेवलंय टेबल,” ती म्हणाली.

टेबलाच्या अर्ध्या भागावर बोटभर धूळ होती. आज कुठे वाद घाला, म्हणून त्याने ती बाहीने पुसली आणि आपल्या जागी बसला. ती तिच्या जागी बसली.

“वाच की. शेवटचा आठवडा. आज विरामचिन्हांसकट.”

तिने कागद उघडला. तोच जुना, ठाम सूर. “रोज एकदा जिना चढा स्वल्पविराम पुस्तकांशी बोला स्वल्पविराम आणि खाली आल्यावर बायकोला चहा करून द्या पूर्णविराम.”

“हे त्यात नाही!”

“सुटलं असेल तुमच्या नजरेतून. सवयच आहे तुम्हाला.”

ती हसत होती, खिडकीकडे तोंड करून. या खेपेला मात्र तो फसणार नव्हता. त्याने अलगद हात पुढे केला, तिच्या बोटांतून कागद काढून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा मूळ प्रतीत डोकावला.

वर तिचं नाव होतं. तारीख त्याच्या ऑपरेशनच्या आधीच्या महिन्यातली. खाली डॉक्टरांच्या अक्षरात चार ओळी होत्या : ‘दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. मोठी अक्षरंही वाचता येत नाहीत. शस्त्रक्रिया रुग्णाच्या विनंतीवरून पुढे ढकलली. कारण : आधी पतीचा गुडघा.’