भंडाऱ्याच्या काचा

डॉ. महेश्वर हात जोडून, डोळे मिटून उभे होते. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर आला तरी पुसत नव्हते. समोर टेबलावर दिवा, दिव्यापुढे सहा ओल्या काचा, आणि प्रयोगशाळेचा शिपाई धुळाप्पा काचांभोवती भंडारा उधळत होता. तीस वर्षं अंधश्रद्धेवर व्याख्यानं झोडणाऱ्या माणसावर ही वेळ आली होती.

मागे सिद्धेश्वरी वही घेऊन उभी होती. सरांच्या हाताखालची तिची पीएच.डी. या काचांवर अडकली होती. काचेवर पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचा केसाच्या शंभराव्या हिश्श्याइतका थर द्यायचा, त्यावर ऊन पडलं की वीज निघते. पदार्थ तोच, पण थरातले कण बारीक राहिले तर वीज त्यांच्या सांध्यांत अडकते, मोठे झाले तर सुसाट धावते. चार वर्षं ते मेले बारीकच राहिले होते.

मग खंडेनवमी आली. धुळाप्पानं यंत्रांची पूजा केली, हौसेनं तिच्या ताज्या काचाही दिव्यापुढे मांडल्या. त्या काचांतले कण चौपट निघाले.

झालं, सर हळदीच्या मागे लागले. करकंबच्या बाजारातली आणली, वेळापूरची आणली. सिद्धेश्वरीनं स्वतः भंडारा उधळून पाहिला, कण बारीक. धुळाप्पानं साग्रसंगीत पूजा केली की मोठे. हे प्रबंधात लिहायचं कसं? त्यात उद्या बाहेरचे परीक्षक येणार, त्यांच्यादेखत काच करून दाखवायची होती, आणि धुळाप्पा आज संध्याकाळीच बिरोबाच्या जत्रेला निघाला होता. सिद्धेश्वरीला रडू फुटायचं बाकी होतं.

"धुळाप्पामामा, पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

धुळाप्पानं सरांकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सरास्नी बोलू नका, ताई. भंडारा दसऱ्यालाच संपला, सरांनी आणल्याली हळद बी सरली. ही पिवळी रांगोळी हाय. मंतर तर मला येतच न्हाय."

"मग करता काय?"

"दिवा लावतो की. आन् त्यो इजू न्हाय म्हून आदी पंका बंद करतो."

सिद्धेश्वरीनं वर पाहिलं. तिच्या काचांवर चार वर्षं पाचवर गरगरणारा पंखा गपगुमान लटकत होता. थर जितका सावकाश वाळेल तितके कण मोठे होतात, हे वाक्य तिच्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर होतं.