एम्नाची नजर

टेबलावर बारा फोटो होते. सहांच्या कोपऱ्यात 'लस' लिहिलेलं, सहांच्या कोपऱ्यात 'पाणी'. प्रत्येक फोटोत एक गोल खळगा आणि खळग्यात जांभळे ठिपके. एक ठिपका म्हणजे रोगाला ओळखून जागी झालेली रक्तातली एक पेशी.

"नावं झाकू का?" रऊफने विचारलं.

"झाक नाहीतर रंगव. ठिपका तो ठिपकाच," एम्ना म्हणाली.

ट्यूनिसच्या त्या प्रयोगशाळेत ठिपके उठवण्याची रीत तिनेच बसवली होती. रंगाचं पाणी किती कोमट हवं, खळग्यांची ताटली अंधारात किती ठेवायची, नळाखाली कधी धरायची. जरा उशीर झाला की खळगा सगळाच जांभळा; जरा घाई केली की फिकट ठिपके हातचे जातात. ताटली भरायला तीच, मोजायलाही तीच. कुठला खळगा कुणाचा, हे तिला पाठ असायचं.

भांडण फिकट ठिपक्यांवरून होतं. रऊफच्या ठिपके मोजणाऱ्या यंत्राला ते दिसत नाहीत, असं एम्ना म्हणायची. तुला जास्त दिसतात, असं रऊफ म्हणायचा.

लस होती वाळूमाशीच्या डंखाने होणाऱ्या व्रणावरची. एम्नाच्या मोजणीत ती लागू पडत होती. यंत्राच्या मोजणीत लस टोचलेले आणि नुसतं पाणी टोचलेले सारखेच. प्रमुख फरीद, सगळ्यांचे मानाचे 'सी फरीद', दोन्हींपैकी एकाच मोजणीचा अहवाल दुपारी पाठवणार होते. त्यावर ठरणार होतं, लस उन्हाळ्याआधी दक्षिणेतल्या गावांत जाणार की कपाटात. एम्ना त्याच गावांतली. तिच्या डाव्या गालावर दिनाराएवढा वण होता.

"लल्ला एम्ना, आधी चहा घे. डोळे उघडतील," रऊफ म्हणाला. 'लल्ला' तो तिला मानाने म्हणायचा, बाई म्हणावं तसं.

"माझे उघडेच आहेत. तुझ्या यंत्राला पाज."

तिने पहिला फोटो ओढला. लस. कडेला फिकट ठिपके दाटले होते. "हे बघ. हे सगळे तुझ्या यंत्राने गिळले असणार." तिने एकूण एक मोजले.

दुसरा, पाणी. इथेही कडेला काही फिकट होतं. "हे नुसते डाग. नीट धुतलं गेलं नाही." तिने ते सोडले.

तिसऱ्यात वरच्या बाजूला एक निळा धागा पडला होता.

"हे रे काय?"

"माझ्या स्वेटरचा असेल."

"चौथ्यातही आहे, खाली. आणि मघाशी डावीकडे होता. असाच गळत राहिलास तर लग्नापर्यंत अंगावर नुसत्या बाह्या उरतील."

रऊफ एरवी खो खो हसला असता. आज त्याने तिच्या पेल्यात चहा ओतला, वर पाइनच्या चार बिया टाकल्या. "मोज," तो म्हणाला.

शेवटचा आकडा तिने लिहिला तेव्हा सी फरीद दारात उभे होते.

"एम्ना, पोरी, यावर गावं उभी आहेत. खात्री आहे ना?"

"सी फरीद, यात चुकले तर उद्यापासून नळाखाली ताटल्या धुवीन. बोलणार नाही एक शब्द."

रऊफने बेरीज केली आणि खालच्या आवाजात वाचली. लस लिहिलेल्या फोटोंत एम्नाची सरासरी एकाहत्तर. पाणी लिहिलेल्यांत त्रेचाळीस.

"ऐकलंत?" एम्ना म्हणाली. तिने चहाचा पेला उचलला.

रऊफने फोटो एका ओळीत मांडले. मग एकेक करून जागच्या जागी फिरवत गेला, बाराहींतला निळा धागा वर येईपर्यंत. प्रत्येक फोटोत धाग्याचा वाक तोच होता आणि खळगाही तोच. यंत्राची मोजणी, बाराही वेळा: सत्तावन्न.