गुंजबेटावरचा प्रश्न

"शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी संध्याकाळी परत," लेकीनं, मुग्धानं, गुंजबेटाची दोन तिकिटं काढत म्हटलं. "आई, सामान थोडंच घे हं."

हेमलताबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. दशम्या डब्यात भरता भरता त्या मनानं केव्हाच बेटावर पोचल्या होत्या. काळी वाळू, निळसर वाफ आणि कुजबुजणारे दगड. तिथला लाव्हा थिजताना जवळचं बोलणं धरून ठेवतो. पुढे कधीही त्या दगडावर तळवा टेकला की तोच आवाज उमटतो. जोडपी तिथं काय काय गोड बोलून ठेवत! एकवीस वर्षांपूर्वी तिथं जाताना हेमलताबाईंनीही आठवडाभर एक वाक्य घोकलं होतं. पण ऐन वेळी दिगंबरराव खिसे चाचपत म्हणाले, "हेमा, माझा चष्मा कुठे ठेवलास गं?" आणि तेवढ्यात लाव्हा थिजला. घरी येईपर्यंत त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

आता दिगंबररावांना जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि सोमवारी बेटावरचा ज्वालामुखी पुन्हा उसळणार होता, जुने दगड नव्या लाव्ह्याखाली कायमचे गाडले जाणार होते.

"एवढं जपून काय घेतेयस?" मुग्धानं विचारलं.

हेमलताबाईंनी पदरानं काचा पुसल्या.

"तुझ्या बाबांचा चष्मा. एकवीस वर्षं विचारताहेत बिचारे. माझ्याच पर्समध्ये होता, एवढं सांगून येते."