सरळ रेघ

रेघ काही केल्या सरळ होईना.

प्रयोगशाळेच्या टाकीतलं पाणी सकाळपासून निवांत पडलं होतं. लाटा उठवणारं मशीन बंद, पंप बंद, पंखे बंद, खिडक्यासुद्धा लावून घेतलेल्या. पाण्यात उभ्या दोन बारीक तारा म्हणजे बाईंनी बनवलेलं नवं लाटमापक. पाणी तारांवर चढेल-उतरेल तशी स्क्रीनवरची रेघ वरखाली व्हायची. पाणी स्वस्थ तर रेघ सरळ, इतका साधा हिशेब. आणि ही बया आपली थरथरतेय!

साहेब दुपारी येणार होते. रेघ सरळ दिसली नाही, तर बंदराच्या प्रतिकृतीवर उद्या होणाऱ्या चाचणीला जुनीच मापकं लागतील आणि बाईंचं मापक कपाटात जाईल, असं त्यांनी काल तोंडावर सांगितलं होतं. एवढ्या वर्षांची मेहनत, आणि जायची कुठे, तर कपाटात.

टाकीवर आडव्या टाकलेल्या फळीवर मामा पालथे झोपले होते. मापकाशेजारी टांगलेल्या सुईचं टोक पाण्याला नुसतं टेकतं तो क्षण डोळ्यानं टिपायचा आणि मापकाशी ताडून बघायचा, हे त्यांचं काम. मापक त्याच फळीला अडकवलेलं होतं. आजवर सगळीच मापकं तशी अडकवत आले होते. पाण्यावर मामा असे निश्चल राहायचे की अख्खी प्रयोगशाळा त्यांना बगळा म्हणायची, आणि मामांना त्याचा अभिमान होता.

"मामा, हलताय तुम्ही," बाई वैतागून म्हणाल्या.

"मी?" मामांना ते लागलं. "अहो, नाकावर माशी बसली तरी मी हलत नाही!"

"मग श्वास रोखा बघू जरा."

मामांनी श्वास रोखला. रेघेचा मोठा झोका गेला, पण बारीक थरथर उरलीच. बाई पुढे वाकून बघत राहिल्या. तार सैल असती तर रेघ कशीही वेडीवाकडी नाचली असती. ही तालात नाचत होती. एक उचकी, जरा विसावा, पुन्हा उचकी.

काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मामांचं लोंबतं मनगट धरलं. नाडी बोटाला लागली, तशी तिकडे रेघ उसळली. पुन्हा लागली, पुन्हा उसळली. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"मामा," त्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "हे तुमचं काळीज आहे. फळीतून तारांपर्यंत पोचतंय."

मामांनी मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. जन्मभर जे छातीत निमूट चाललं होतं, ते समोर पाण्याचं होऊन चाललेलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "एवढं मात्र मला थांबवता येणार नाही हं."

ते जपून खाली उतरले. फळी स्थिरावली, पाणी निवलं, आणि रेघ पट्टीनं ओढावी तशी सरळ झाली. सकाळपासून हिच्यासाठीच जीव टांगणीला लागला होता. पण ती सरळ झाली तेव्हा बाईंना ती थांबलेल्या काळजासारखी दिसली. मामा शेजारीच धडधाकट उभे होते, शर्ट झटकत होते. तरी बाईंनी एकदा त्यांच्याकडे वळून बघितलंच.

तेवढ्यात साहेब आले. रेघ पाहून त्यांनी नाक मुरडलं.

"सरळ रेघ काय, बंद पडलेलं यंत्रही काढतं."

"साहेब, ते काळीज मोजतं," मामा म्हणाले. "आत्ता माझं मोजलं."

"काहीतरीच काय!"

"मग तुम्हीच झोपा ना फळीवर," बाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

साहेबांनी एकदा फळीकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. मग त्यांनी जाऊन दार लावून घेतलं, बूट काढले, आणि मामांचा हात धरून कसेबसे फळीवर पालथे झाले. मामांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"श्वास रोखा, साहेब."

रेघ उसळू लागली. मामांच्यापेक्षा किती तरी भरभर.

"हे... मी?"

"तुम्हीच. घाबरलात जरा."

कोंडलेला श्वास साहेबांनी हळूच सोडला, तशी रेघ मोठा झोका घेऊन पुन्हा धुकधुकू लागली.

"उद्या बंदराला हेच मापक लावा," ते पुटपुटले.

"लावते, साहेब. या आता खाली."

पण साहेब उठायचं नाव घेईनात.